फोटोतल्या झाडाचे नाव

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. काळा-पांढरा, तळहाताएवढा, एका कोपऱ्यात किंचित दुमडलेला. माझ्यात दोघेच आहेत. एक शेषराव गुरुजी, डोक्यावर पांढरी टोपी, ओठांत हसू दाबून धरलेले. दुसरे त्यांच्या खांद्याला लागलेले एक फुललेले झाड. गुरुजींना सगळे ओळखत होते. झाडाचे नाव मात्र कुणाला सांगता येईना. त्या एका नावापायी माझे सारे आयुष्य गेले.

माझा जन्म एकोणीसशे एकसष्ट सालचा. सोनाळ्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका खेड्यात गुरुजी शिकवायला होते. गांधी जयंतीला शाळेचे फोटो काढायला खामगावहून महादेवराव आले. सगळे फोटो झाले आणि रिळात एक शिल्लक राहिला. गुरुजी म्हणाले, "महादेवराव, हा एक या झाडासंगं काढा. मायी बायको मोताळ्याले आहे. तिची गंमत कराची आहे."

मग खामगावात, लाल दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत, औषधाच्या पाण्यात मी हळूहळू उमटलो. आधी टोपी दिसली, मग हसू, मग फुले. बाकीचे जग रंगीत आहे, हे मला पुढे लोकांच्या बोलण्यातून कळले. माझी फुले जन्मापासून काळीच.

गुरुजींनी मला पाकिटात घातले. सोबत चिठ्ठी होती: 'सौ. सिंधूस आशीर्वाद. हे झाड कोणते, ओळख. तुझ्या हाताला ते रोज लागते. मलाही इथे येईपर्यंत ठाऊक नव्हते. दिवाळीला येईन तेव्हा रोप घेऊन येईन. शालूला पापा.'

शालू म्हणजे त्यांची पाच महिन्यांची लेक.

सिंधूताईंनी मला उजेडात धरले. त्या आधी हसणाऱ्या नवऱ्याकडे पाहत राहिल्या, मग फुलांकडे. माझ्या कडेकडे त्यांची नजर गेलीच नाही. तो चेहरा समोर असताना कोण कडेला पाहील? त्या मोठ्या भाविक. रोज पहाटे परडी भरून फुले तोडायच्या आणि देवाला वाहायच्या. 'हाताला रोज लागते' म्हणजे पूजेचेच फूल, असे त्यांनी धरले आणि कार्ड धाडले: 'जास्वंद.'

दिवाळीला आठ दिवस असताना गुरुजींना तिकडेच ताप भरला. ते आले नाहीत. त्यांची ट्रंक आली. ट्रंकेत धोतरे होती, टाळांची जोडी होती, आणि एक लिहून ठेवलेले, टपालात न पडलेले कार्ड होते. त्यावर दोनच वाक्ये होती: 'चूक. अजून एकदा ओळख.'

मित्रांनो, त्या दिवशी सिंधूताई रडल्या नाहीत. कार्ड हातात घेऊन त्या माझ्याकडे बघत बसल्या. माणूस गेला, पण त्याचा प्रश्न घरात राहिला. त्याला उत्तर दिल्याशिवाय आपले बोलणे पुरे झाले असे त्यांना वाटेना.

दिराने मला चौकट करून आणली. काचेच्या आत, शोभेसाठी चारी बाजूंनी बोटभर रुंदीची पांढरी पुठ्ठ्याची पट्टी बसवली. सगळे म्हणाले, "काय झ्याक दिसून राह्यला फोटू!" मी मात्र आतून कासावीस झालो. कारण माझ्या उजव्या कडेला, शेवटच्या फांदीवर, जे लोंबत होते, नेमके तेच पट्टीखाली गेले. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

मग सुरू झाली विचारपूस. शेतकी खात्यातले हिंमतराव आले, त्यांनी चष्मा पुसून पाहिले. "ताई, हे इलायती झाड दिसते. आपल्या इकडलं नाही."

"पण याइनं लिवलं, माया हाताले रोज लागते!"

"मंग गुरुजीनं थट्टा केली असंल."

कुणी कन्हेर म्हणे, कुणी पांगारा. सिंधूताई मान हलवत. कन्हेर अंगणात होतीच; तिचे पान असे खरबरीत आणि रुंद नसते. शेजारच्या वच्छलाबाई तर एकदा फटकन बोलल्या, "काय व सिंधू, लोक नवऱ्याच्या फोटूले हार घालतात, अन् तू झाडाचं नाव इचारत फिरतं!"

"हार घालतो ना जिजी," सिंधूताई म्हणाल्या, "पण इचारलेलं सांगा लागते ना त्याइले."

सोनाळ्याला जाऊन विचारावे, असे दिराने दोनदा सुचवले. पण सिंधूताई नको म्हणत. जिथून ते परतले नाहीत, ते गाव बघायचे धैर्य त्यांना झाले नाही. आणि मला एकट्याला त्या कुणाच्या हाती देत नसत.

लोणारला त्यांचे माहेर. तिथे सप्ताह असला की मला लुगड्याच्या घडीत गुंडाळून त्या एस.टी.ने नेत. एका सप्ताहात पुंजाजीबुवांचे काल्याचे कीर्तन झाले. काय सांगू त्या कीर्तनाचा थाट! मृदंग असा घुमत होता की घडीत असूनही माझी काच थरथरली. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र केल्या, हे बुवांनी सांगितले तेव्हा मंडपात डोळे पुसले नाहीत असा माणूस उरला नाही. लाह्या-दह्याचा काला वाटून झाल्यावर सिंधूताईंनी बुवांच्या पाया पडून मला पुढे केले. चिठ्ठीही वाचून दाखवली.

बुवांनी खूप वेळ पाहिले. "मले नाही वळखू येत, माय. खोटं काऊन सांगू? पण येक सांगतो. ज्यानं जीव लावून इचारलं, त्यानं तुले येईल असंच इचारलं असंल. तू दूर पाहून राह्यली काय, ते पाह्य."

सिंधूताईंनी ते शब्द गाठीला बांधले. पण दूर नाही म्हणजे कुठे, ते त्यांना उमगेना. माझे कौतुक हळूहळू सरले. काचेवर धूर बसला. सणाच्या दिवशी हार, बाकी दिवशी जाळी. रोज दिवेलागणीला मात्र त्या माझ्यासमोर क्षणभर थांबत आणि पुटपुटत, "सापडलं नाही हो आजबी."

एकोणीस वर्षे गेली. शालू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला मुलगी झाली. एक दिवस शालूला माझ्या चौकटीच्या मागे वाळवीची माती दिसली. तिने घाबरून खिळे काढले, पट्टी काढली आणि मला उन्हासाठी ओसरीवर ठेवले. एकोणीस वर्षांनी माझ्या कडेला वारा लागला!

शेजारीच सिंधूताई सहाणेवर बाळाची गुटी उगाळत होत्या. वेखंड झाले, हळकुंड झाले, आता बाळाच्या पोटासाठी दोरीसारखा पीळ पडलेली ती वाळकी शेंग त्यांच्या बोटांत होती. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या तानाबाई तेल घेऊन आल्या, त्या माझ्यापाशी थबकल्या.

"बाप्पा! सिंधूताई, फोटूत मुरुडशेंग काऊन व?"

"कुठी?"

"ही काय लटकून राह्यली झाडाले. तुमच्या हातात हाये, थेच."

सिंधूताईंचा हात थांबला. त्यांनी शेंग माझ्या कडेशी आणून धरली. पिळाला पीळ जुळला. शालू तान्ही असताना रोज सकाळी हीच शेंग त्यांनी उगाळली होती, आणि गुरुजी तेव्हा सुटीवर आलेले असले की समोर बसून बघत असत. घरोघरी बाया ही शेंग हाताळतात. पण ती बाजारातून येते वाळून, पुडीत. तिला फूल येते, हे मोताळ्यात कुणी पाहिलेच नव्हते.

"आई, काय झालं व?" शालू म्हणाली.

"तुह्या पोटदुखीचं झाड व ते, बाई," सिंधूताई म्हणाल्या. आणि ट्रंक आली त्या दिवसाचे रडू त्यांना आज आले.

डोळे पुसून त्यांनी शालूचा पेन मागितला. मला पालथे केले आणि माझ्या कोऱ्या पाठीवर सावकाश लिहिले: 'मुरुडशेंग. बरोबर?'

मित्रांनो, तुमच्या घरीही माझे भाऊबंद असतील. त्यांना ओलीपासून, वाळवीपासून जपा. चौकट करताना त्यांच्या कडा झाकू नका. आणि पाठीवर नावे लिहा, माणसांची लिहा, झाडांचीही लिहा. आम्हाला चेहरा असतो, पण तोंड नसते.

त्याच शेंगेतले बी सिंधूताईंनी न्हाणीच्या पाण्यावर टोकले. एकच उगवले. आता ते छातीएवढे झाले आहे. यंदा त्याला कळ्या धरल्या आहेत, आणि सिंधूताईंनी मला अंगणाकडे तोंड करून टांगले आहे. फूल लाल असते, असे तानाबाई म्हणतात. गुरुजींनी ते पाहिले होते. मी त्यांच्या खांद्याशी इतकी वर्षे ते धरून आहे, पण मला ते काळेच ठाऊक.

कळी उमलेल म्हणून सिंधूताई आणि मी रोज सकाळी तिकडे बघत असतो.