पहिल्या आणि शेवटचे

आमच्या गल्लीत दहा दुकानं आहेत आणि त्यातली दोन शिलाई मशीन दुरुस्तीची. गल्लीच्या तोंडाशी पहिलं दुकान माझ्या आत्याचं, आणि पार टोकाला दहावं माझ्या बाबांचं. एकाच धंद्याची दोन दुकानं म्हणजे गिऱ्हाइकांचा गोंधळ होणारच, म्हणून गल्लीनंच सोय करून टाकली: आत्या ‘पहिल्या’ आणि बाबा ‘शेवटचे’. टाका बिघडला तर पहिल्यांकडे, मोटर बिघडली तर शेवटच्यांकडे. बाबांना या नावाची इतकी सवय झालीय की फोनसुद्धा ते ‘हॅलो, शेवटचा बोलतोय’ असाच उचलतात. नवं गिऱ्हाईक दचकतं, पण मशीन आणून देतं.

मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात तोंड उघडत नव्हते. हजेरीला माझं ‘हजर’सुद्धा शेजारची मैत्रीण म्हणायची. मग अकरावीला समाजशास्त्र घेतलं. पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, ‘तू कोण गं?’ मी घाबरून खरं तेच बोलले, ‘शेवटच्यांची मुलगी.’ अख्खा वर्ग फिदीफिदी हसला, पण सरांना इतका आनंद झाला की त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘ओळख आपली नसते, समाजानं दिलेली असते.’ माझ्या एका वाक्यावर फळा भरला! त्या दिवशी माझं तोंड जे उघडलं ते आजतागायत मिटलेलं नाही.

तर प्रकल्प होता ‘व्यवसाय आणि ओळख’. व्हिडिओ करायचा, नव्वद सेकंदांचा, एक सेकंदही जास्त नको. मी बाबांना खुर्चीत बसवलं आणि फोन समोर धरला. बाबा म्हणाले, ‘मी शेवटचा. पहिली माझी ताई. तिनंच मला बोट धरून या धंद्यात आणलं.’ आणि पुढे चार मिनिटं मोटरमधल्या झिजणाऱ्या कार्बन ब्रशबद्दल. मी कापत गेले, कापत गेले, तरी अठ्ठ्याण्णव सेकंद झाले. ताईबद्दलचं बोलणं बरोबर आठ सेकंदांचं होतं.

ते मी काढलं. उगाच आढेवेढे घेत नाही, मीच काढलं. वर कार्बनचे आणखी तीन सेकंद कापून ‘मी शेवटचा’ यानंतर तेवढी शांतता ठेवली आणि मागे बासरी लावली. बासरी फुकट मिळत होती.

सरांनी तो व्हिडिओ इंटरनेटवरच्या आपल्या पानावर टाकला आणि चौथ्या दिवशी बाबा टीव्हीवर! निवेदिका एकेक शब्द लांबवत सांगत होती, ‘शहरातला शेवटचा शिलाई मशीन दुरुस्तीवाला. लोप पावत चाललेल्या एका कलेची ही करुण कहाणी.’

बाबा उभ्याउभ्याच बघत होते. ‘अगं, पण मी शेवटचा म्हणजे...’

‘बाबा, पाच लाख लोकांनी बघितलंय.’

‘पाच लाख?’ ते हळूच खाली बसले. ‘मग राहू दे.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी केस रंगवले. आई म्हणाली, ‘लोप पावताय की लग्नाला निघालाय?’ पण बाबा आता उसासे टाकायला लागले होते. चहा घेताना उसासा, चप्पल घालताना उसासा. वर्गात माझी तर चैनच होती. ज्या मुलींना माझा आवाज कसा आहे हेही ठाऊक नव्हतं, त्या मला ‘माध्यमांचा समाजावर परिणाम’ समजावून सांग म्हणायच्या. मी सांगायचे. खूप सांगायचे.

मग त्या वाहिनीची बातमीदार बाई कॅमेरा घेऊन दुकानात आली. आल्या आल्या तिनं ट्यूबलाइट बंद करवली, पंखा काढायला लावला आणि नव्या मोटरींचे खोके बाहेर फुटपाथवर रचले. ‘काका, एखादं जुनं मशीन नाही का? पायानं चालवायचं?’

बाबांकडे कुठलं! ज्याला मोटर नाही त्या मशीनशी बाबांचा संबंधच नाही. शेवटी आत्याच्या दारातलं पायमशीन उचलून आणलं. आत्या म्हणाली, ‘न्या, न्या. सुई मात्र नाहीये त्याला, घालून घ्या.’

बाबांनी सुई घातली, दोरा ओवला आणि कॅमेऱ्याकडे बघून पाय मारला. चाक उलटं फिरलं. पुन्हा मारला, दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला.

‘काका, काही प्रॉब्लेम?’

‘दोऱ्याला जरा टेन्शन आलंय,’ बाबा घाम पुसत म्हणाले. आमच्या धंद्यात दोऱ्याचा ताण म्हणजे टेन्शन, ते स्क्रूनं कमीजास्त करतात.

‘वा! दोऱ्यालासुद्धा टेन्शन!’ बाई मोहरून गेली. ‘हे परत बोला ना, थोडं थांबून थांबून.’

बाबा थांबून थांबून बोलले. दोरा तिसऱ्यांदा तुटला तेव्हा त्यांनी गल्लीत तोंड काढून जी हाक मारली ती थेट लहानपणातली होती. ‘ताईऽऽ, ये ना गं जरा!’

आत्या पदराला हात पुसत आली, एकदाच वाकून बघितलं आणि म्हणाली, ‘सुई उलटी लावलीस, धाकट्या.’ सुई फिरवली, तेलाचे दोन थेंब सोडले, पाय मारला, आणि मशीन असं धावायला लागलं की कॅमेरावालासुद्धा पुढे सरकला.

मी बातमीदार बाईला म्हटलं, ‘ही माझी आत्या. हिचंही हेच काम आहे. गल्लीतलं पहिलं दुकान हिचंच.’

तिनं माझ्या गालाला हात लावला. ‘अगं राणी, शेवटचे दोन कसे असतील?’

इथं मी बोलायला हवं होतं. बोलण्यासाठीच तर प्रसिद्ध झाले होते! पण ती लगेच म्हणाली, ‘तो पहिला व्हिडिओ तूच केलास ना? काय नजर आहे तुझी!’ आणि मी लाजून ‘थँक यू’ म्हणाले.

कार्यक्रम लागला. त्यात अकरा सेकंद आत्याचे हात होते, चेहरा नव्हता. मागून आवाज: ‘हे हात थांबले की ही कलाही थांबेल.’ मनगटात बांगडी स्पष्ट दिसत होती. पाच लाखांपैकी एकानंही विचारलं नाही.

मग गर्दी सुरू झाली. माणसं मशीन उचलून आत्याच्या दारावरून सरळ बाबांकडे जायला लागली. एका बाईनं तर दम लागला म्हणून आत्याच्याच पायरीवर मशीन टेकवलं आणि आत्यालाच विचारलं, ‘ते शेवटचे कारागीर कुठे बसतात हो? टाका सुटतोय याचा.’ आत्या म्हणाली, ‘सरळ जा.’ बाबांनी त्या बाईला परत पाठवायचा प्रयत्न केला, ‘टाक्याचं काम पहिल्यांकडे.’ तिला तो विनय वाटला. ‘नको नको, तुमचाच हात लागू दे.’ बाबांनी मशीन ठेवून घेतलं. संध्याकाळी मागच्या बोळातून ते आत्याकडे पोचवलं आणि सकाळी दुरुस्त झालेलं परत आणलं. पहिल्या दिवशी एक, आठवडाभरात नऊ. मी दार धरून उभी राहायचे.

आत्या काही बोलायची नाही. म्हणजे बोलायची, पण मशीनशी.

आणि मग कारखान्याचा फोन आला. शाळेचे गणवेश शिवणारा मोठा कारखाना आहे, साठ मशीनं. त्यांची वर्षभराची देखभाल अकरा वर्षं आत्याकडे होती आणि दर वर्षी याच दिवसांत कराराचा कागद यायचा. या वर्षी कागद आलाच नाही, मॅनेजरचा फोन आला. ‘तुम्ही दुकान बंद केलंत ते टीव्हीवरून कळलं, बाई. निदान कळवायचंत तरी.’

‘मी दुकानातूनच बोलतेय,’ आत्या म्हणाली.

‘आवराआवर चालू असेल, नाही का? तब्येत जपा.’

गुरुवारी तो मॅनेजर स्वतः बाबांच्या दुकानात कागद घेऊन हजर. कारखान्याच्या मालकांची फार इच्छा होती म्हणे. दारावर पाटी लावायची होती: ‘आमची मशीनं शहरातल्या शेवटच्या कारागिराच्या हाती.’

‘पण साहेब,’ बाबा म्हणाले, ‘ते काम ताईचं.’

‘त्यांनी बंद केलं ना?’

‘ती काय, दारात उभी आहे.’ मॅनेजरला गल्लीत शिरताना बघून आत्या मागोमाग आली होती.

मॅनेजरनं मागे वळून आत्याकडे बघितलं, हसून नमस्कार केला आणि पुन्हा बाबांना म्हणाला, ‘मालकांना शेवटचाच हवाय हो. मी नोकरमाणूस. उद्या दुपारी येतो, सही तयार ठेवा.’

तो गेला. बाबांनी कागद उलटापालटा केला, रंगवलेल्या केसांतून हात फिरवला. ‘ताई, असं करू या का? सही मी करतो, काम तूच कर. नाही तरी सध्या तसंच चाललंय. काय फरक पडतो?’

‘म्हणजे मी हात आणि तू तोंड,’ आत्या म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ‘अकरा वर्षं त्या कारखान्यात मला बघून पोरी मशीनं थांबवायच्या. आता मी मागच्या दारानं जाऊ? तुझी मदतनीस म्हणून?’

बाबांनी कागद खाली ठेवला. त्यांचा उसासासुद्धा बाहेर पडेना.

मला मात्र राहवलं नाही. फोनमध्ये आधी दोनदा भलताच व्हिडिओ उघडला. मूळचा व्हिडिओ, न कापलेला, मी आत्यासमोर धरला. ‘पहिली माझी ताई. तिनंच मला बोट धरून या धंद्यात आणलं.’ आत्यानं तो एकदा बघितला. परत लावायला सांगितला.

‘बोट धरून म्हणालास?’

‘म्हणालो की,’ बाबा पुटपुटले.

‘आणि हिनं कापलं.’

‘आठ सेकंद जास्त होत होते,’ मी म्हटलं. किती फालतू वाटलं ते कानाला! ‘आत्या, चुकलं माझं. त्या बातमीदार बाईसमोरसुद्धा मी गप्प बसले.’

‘गुण किती मिळाले?’

‘वीसपैकी अठरा.’

‘दोन कशाचे गेले?’

मी खाली बघितलं. ‘सर म्हणाले, स्त्रियांचं योगदान दिसत नाही.’

आधी बाबांच्या नाकातून आवाज आला. मग आत्याच्या. मग ती पायरीवर बसून हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि त्यातलं किती हसण्याचं होतं ते मी विचारलं नाही.

मी तिथंच तो अख्खा व्हिडिओ टाकला, वर लिहिलं, ‘माझी चूक, खरी गोष्ट ही आहे.’ रात्रीपर्यंत एकेचाळीस जणांनी बघितला. एकानं प्रतिक्रिया दिली, ‘बासरी कुठे गेली?’

म्हणजे खऱ्यानं भागणार नव्हतं. हे समाजशास्त्राच्या पुस्तकात नाही, पण आत्याला न शिकताच येत होतं. शुक्रवारी सकाळी सातला ती स्वतःची हत्यारांची पेटी घेऊन आमच्या दुकानात उभी. ‘त्या मालकाला शेवटचा माणूस हवाय ना? धाकट्या, किल्ली दे. तुझ्या मोटरी उचल आणि माझ्या दुकानात मांड.’

‘अगं, पण मग मी कोण?’ बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

‘तू पहिला.’

‘तिथं धूळ येते, ताई. रस्ता आहे समोर.’

‘मला काय सांगतोस? वीस वर्षं खाल्लीय ती.’

पाच लाख लोकांचे शेवटचे कारागीर खोके उचलून गल्लीच्या तोंडाशी गेले. जाताना त्यांनी तीनदा मागे वळून बघितलं. मधल्या दुकानातले चष्मेवाले काका दारात येऊन म्हणाले, ‘काय हो शेवटचे, बढती का?’ पुढच्या खेपेला बाबांची छाती जरा पुढे होती. आत्यानं मला सगळ्या फळ्या पुसायला लावल्या आणि शिव्याही घातल्या, कारण बाबा स्क्रू वेगवेगळे ठेवत नाहीत, सगळे एका डब्यात कोंबतात.

दुपारी मॅनेजर आला. बाबांच्या खुर्चीत आत्याला बघून तो उंबऱ्यातच अडखळला.

‘शेवटचे कारागीर?’

‘मीच.’

‘तुम्ही? पण ते... म्हणजे, शेवटच्या तुम्हीच?’

‘पुढे भिंत आहे. खात्री करून घ्या.’

आणि तो खरंच बाहेर गेला, भिंत बघून आला! मग कागद पुढे केला. ‘पाटीवर “कारागिराच्या” असं छापून झालंय, बाई. चालेल ना?’

‘पाटीचं तुम्ही बघा. सोमवारपासून येते, पुढच्या दारानं. आणि तुमच्या या शर्टाची शिवण उसवतेय. तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या मशीनवर शिवलाय, हो ना? मी म्हटलं होतं त्याच्या सुईचं टायमिंग गेलंय म्हणून.’

मॅनेजरनं चटकन काखेखाली हात लावून बघितला. आत्यानं सही केली, सावकाश, एकेक अक्षर दाबून.

तो गेल्यावर तिनं आपला कागद घडी घालून हत्यारांच्या पेटीत टाकला. जे तिचंच होतं ते मिळवायला तिला शेवटची व्हावं लागलं, याचा राग आला असणार. पण ती वळली ती माझ्याकडे. ‘ए शहाणे, फोन काढ. माझा व्हिडिओ कर.’

‘किती सेकंदांचा?’

‘माझं बोलून होईपर्यंतचा. आणि कापलास तर बघ.’

मी फोन धरला. चाळीस मिनिटांनी हात भरून आला, मग बॅटरी संपली. आत्या तोवर आपल्या गोष्टीत जेमतेम सातवीत पोचली होती. मी चार्जर आणायला पळाले.