एका दाताचा फरक

मामांनी मला आयुष्यात कधी 'बरोबर' म्हटलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी जे केलं त्याचं मूळ तिथं आहे. उगाच दयाबुद्धीचं नाव मी पुढं करणार नाही.

मामा म्हणजे बापूसाहेब. नात्यानं ते माझे कोणी नाहीत. दौंडला रेल्वेत ते फिटर होते आणि शिरूरहून येऊन मी वर्षभर त्यांच्या हाताखाली अप्रेंटिस होतो. लोखंडाचा ठोकळा कानशीनं घासून त्यांच्यापुढं ठेवायचा. ते कडेवरून उजव्या अंगठ्याचं नख फिरवायचे आणि म्हणायचे, "परत." वर्ष संपलं, पण ते 'परत' काही संपलं नाही. आज चौदा वर्षांनी मी रांजणगावला एका कंपनीच्या टूलरूममध्ये आहे. हाताखालची सहा माणसं मला सर म्हणतात. तरी रविवार उजाडला की मोटरसायकल काढून मी दौंडला, मामांच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये हजर.

निवृत्त झाल्यावर मामांना छोटी इंजिनं करायचा नाद लागला. वाफेची दोन केली, ती चालली. तिसरं हाती घेतलं ते त्यांच्या वडिलांच्या इनामगावच्या विहिरीवर होतं तसलं ऑइल इंजिन. अगदी तसंच आडवं, दोन चाकांचं, पण परातीत मावेल एवढं. एवढ्याशा सिलिंडरला डिझेल झेपत नाही म्हणून ते पेट्रोलवर घेतलं, एवढाच काय तो बदल. एकेक नट त्यांनी घरच्या लेथवर केला. आणि तीन वर्षं ते इंजिन काही चालू झालं नाही. दोरी ओढली की एकदा फट करायचं, दोरीला उलटा हिसका द्यायचं आणि गप्प बसायचं.

मामांनी कार्बोरेटर तीनदा नवा केला, रिंगा बदलल्या, प्लग बदलले. तुळजामामी म्हणायच्या, एवढी मिनतवारी यांनी माझी कधी केली नाही.

खोट कुठं आहे ते दिवाळीत मामांनी झाकण खोललं तेव्हाच मला दिसलं होतं. इंजिनात एक लहान आणि एक मोठा असे दोन गिअर असतात. झडपा कधी उघडायच्या ते त्यांच्यावर ठरतं. ते एकमेकांत बसवताना चुकू नयेत म्हणून फिटर दोन्हींच्या दातांवर पंचच्या पोलादी टोकानं एकेक ठिपका मारून ठेवतो. पुढं कितीही वेळा खोला, ठिपक्यासमोर ठिपका आणला की काम झालं. मामांनी मोठ्या गिअरचा ठिपका शेजारच्या दातावर मारला होता. मग दर वेळी ते इमानेइतबारे ठिपक्याला ठिपका लावायचे आणि दर वेळी तीच चूक व्हायची. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ते कुणाला सांगत नव्हते.

मी एकदाच, जपून, विषय काढला. मामा म्हणाले, ठिपका माझ्या हातचा आहे, तो चुकायचा नाही, आणि माझ्या इंजिनाला दुसऱ्याचा हात लागायचा नाही. मी आतून चांगलाच चिडलो. एवढा शिकलो, एवढा वर चढलो, तरी यांच्या लेखी मी ठोकळा घासणारा पोरगाच.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी गेलो तर घराला कुलूप. शेजारच्या साखरबाई म्हणाल्या, दोघं डोळ्यांच्या शिबिराला गेलेत, तू शेडमध्ये बस. त्यांनी शेडची किल्ली दिली. नुसता बसलो असतो तर बरं झालं असतं.

चार स्क्रू काढले, झाकण उघडलं, मोठा गिअर एक दात सरकवून बसवला आणि झाकण लावलं. दहा मिनिटं लागली. दोरी ओढून पाहायचीसुद्धा गरज वाटली नाही, इतका मला माज होता. म्हाताऱ्याला आनंद होईल असं मी स्वतःला सांगत होतो. खरं तर त्यांना तीन वर्षांत जमलं नाही ते मला दहा मिनिटांत जमतं, एवढंच मला बघायचं होतं. किल्ली परत देऊन, ते यायच्या आत मी निघून आलो.

पुढच्या रविवारी मामांनी माझ्यासमोर दोरी ओढली आणि इंजिन चाललं. एकदा अडखळलं, मग टुक टुक टुक करत सुरात लागलं.  फिरत्या चाकाजवळ तळवा धरून मामा वारा घेत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. मग म्हणाले, विहिरीवर असंच वाजायचं. साखरबाईंच्या घरची झाडून सगळी माणसं बोलावली. मला पेढे आणायला पिटाळलं. कालच कार्बोरेटरचा जेट पुन्हा साफ केला होता, खोट तिथंच होती, असं ते येईल त्याला सांगत होते. मीही मान डोलवत होतो.

मामींनी मात्र पेढा हातात तसाच धरला होता. मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा त्यांनी सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा तर पार पिकलाय, आणखी थांबू नका, असं शिबिरातले डॉक्टर म्हणाले होते. या शुक्रवारची तारीख दिली होती. मामा ऑपरेशनला भितात. ते ऐकेनात, तेव्हा मामींनीच पैज लावली. शुक्रवारच्या आत इंजिन चाललं तर डोळे चांगले म्हणू, नाहीतर मुकाट्यानं दवाखान्यात चलायचं.

"तीन वर्सं चाललं न्हाई ते आता काय चालतंय, म्हणून बोलले रं मी," मामी म्हणाल्या. "आन् देवानं नेमकं आत्ताच मनावर घेतलं."

देवानं काही मनावर घेतलं नव्हतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण बाहेर इंजिन चालू होतं, मामा मोठ्यानं हसत होते, आणि तसं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी पाणी प्यायलो आणि शिरूरला निघून आलो. स्वतःची इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

बुधवारी मामींचा फोन आला. डोळे चांगले आहेत म्हणून मामा नव्या इंजिनाला बसले होते, आणि ग्राइंडरवर त्यांचा उजवा अंगठा सापडला. तीन टाके पडले. मी विचारलं, दवाखान्यातल्या यादीतून नाव काढलं का? मामी म्हणाल्या, अजून नाही काढलं, माझा हातच होत नाही.

गुरुवारी अर्धी रजा टाकून गेलो. मामा बाजेवर बसले होते, अंगठ्याला पांढरं बँडेज. ग्राइंडरवरची काम टेकवायची पट्टी सैल होती म्हणून लागलं, असं मी न विचारताच त्यांनी सांगितलं. मी उभ्याउभ्याच बोललो.

"मामा, खोट जेटमधी नव्हती. ठिपका चुकला हुता. तुम्ही शिबिराला गेला तवा मी गिअर एक दात सरकवला."

मामांनी माझ्याकडं, म्हणजे मी जिथं दिसत असेन तिकडं, मान वळवली. मग इंजिन आणायला सांगितलं. डाव्या हातानं स्वतःच झाकण उघडलं. आधी डोळे पार गिअरला टेकवून पाहिलं, मग डोळे मिटले आणि डाव्या अंगठ्याचं नख दातांवरून फिरवत मोजलं. दोनदा मोजलं. मामी दारात येऊन उभ्या होत्या. मामांनी मला एक ठेवून द्यावी असं मला मनापासून वाटत होतं.

"हसला आसशील," ते म्हणाले. "मनातल्या मनात."

"व्हय," मी म्हणालो. तिथंही खोटं बोललो असतो तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

त्यांनी मान हलवली. मोठा गिअर काढून लाकडी ठोकळ्यावर ठेवला. ड्रॉवरमधून पंच आणि हातोडी काढून माझ्यापुढं धरली.

"खरा ठिपका मार. जुना ऱ्हाऊ दे तसाच. तूच मार, मला दिसत न्हाई."

मामींनी तोंडाला पदर लावला. हे एक वाक्य ऐकायला त्या किती दिवस थांबल्या होत्या, आणि आता त्यांना ते ऐकवेना.

मामांनी गिअर डाव्या हातानं घट्ट धरला. मी दात मोजले, पंच टेकवला. कंपनीत केसाएवढी चूक मला चालत नाही, पण त्या दिवशी मी पंच तीनदा उचलून पुन्हा टेकवला. त्यांची बोटं पंचापासून जेमतेम इंचभर होती आणि त्यांनी ती मागं घेतली नाहीत. मी घाव घातला. मामांनी त्यावरून नख फिरवलं, परत दात मोजले आणि मामींना म्हणाले, उद्या किती वाजता जायचंय ते विचारून घे.

मग माझ्याकडं न वळता म्हणाले, "बरोबर हाय."

त्या शब्दासाठी मी चौदा वर्षं थांबलो होतो. माझ्यानं मान वर करवली नाही. झाकणाचे चार स्क्रू जमिनीवर पडले होते, ते मी वेचत बसलो.