तीन नावांचं एकच दुकान

मी महारुद्रचं फेसबुक पेज बोलतोय. पेजला कुठलं आलंय तोंड, असं म्हणू नका. पाच वर्षं दुसऱ्यांचंच ऐकतोय, आज माझं थोडं ऐकून घ्या.

जिंतूरला महारुद्र फवारणीचे पंप दुरुस्त करतो. हाताचा असो की बॅटरीचा, पंप नुसता हलवून पाहिला तरी त्याला दुखणं कळतं. एका वाढदिवसाला मित्रांनी आग्रह धरला आणि त्यानं मला जन्माला घातलं. नाव ठेवलं ‘महारुद्रभाऊ, दिलदार माणूस’. माणूस दिलदार आहेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण यात पंप कुठं आला ते सांगा!

मग माझ्यावर काय काय लागलं म्हणता! ह्या दादाचा वाढदिवस, त्या अण्णांची निवड, कुणाच्या पुतण्याचा दहावीचा निकाल. एकाला शुभेच्छा दिल्या आणि दुसऱ्याला नाही, तर दुसरा रुसणार. या धाकानं महारुद्र कुणालाच वगळत नसे. लाइकच्या अंगठ्यांचा नुसता पाऊस पडायचा आणि मी मूर्ख, फुगून बसायचो. माझ्यावर पत्ता नव्हता, फोन नंबरही नव्हता. “सगळ्या तालुक्याला ठाऊक हाय की दुकान,” असं त्याचं म्हणणं.

दुकान बसस्टँडसमोर होतं तोवर ते खरंही होतं. गेल्या उन्हाळ्यात जागामालकानं तिथं नवी इमारत बांधायला काढली आणि दुकान भाजी मंडईच्या मागच्या गल्लीत गेलं. कापसाची, सोयाबीनची फवारणी ऐन जोरात, आणि महारुद्र गल्लीत माशा मारत बसलेला. अशात त्याच्या बायकोच्या, राजेश्रीच्या भावाचा चाकणहून फोन आला. “दाजी, कंपनीत जागा हाय. पोळ्यापर्यंत कळवा.”

महारुद्रनं ठरवून टाकलं. पोळ्यापर्यंत गिऱ्हाईक आलं तर ठीक, नाहीतर दुकानाला कुलूप.  राजेश्री मनातून हादरली होती, आणि खरं सांगतो, मीही.

श्रावण लागला आणि एक दिवस आबासाहेब दारात उभे. येलदरीकडचे शेतकरी, जुनं गिऱ्हाईक. मंडईतून येताना दुकान दिसलं म्हणून थांबलेले, हातात भाजीची पिशवी, कपाळावर आठ्या.

“महारुद्रा, हितं बसायलास व्हय? म्या स्टँडवर हुडकलं, तू न्हाईस. फोनला इचारलं, ‘जिंतूर पंप दुरुस्ती’, तर त्यानं परभणीचं दुकान दाखवलं. पंप घिऊन परभणीला जाऊन आलो ना!”

“आबा, कुणाला बी इचारायचं की.”

“फोनला इचारलं की लेका! आता माणसाला कोण इचारतंय?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण चूक आबासाहेबांची नव्हती, कळसा लपवून ठेवणाऱ्या आमची होती. मला तर कुठं तोंड लपवू असं झालं.

राजेश्री डबा घेऊन आली होती. तिनं फोन हातात घेतला आणि तेच शब्द बोलून पाहिले. आमचा पत्ताच नाही! मग तिनं खणत खणत सगळं बाहेर काढलं. दुकानाच्या पाटीवर ‘तुळजाई ॲग्रो’, कारण सासूबाई कडूबाईंचा तसा नवस होता. गूगलच्या नकाशावर ‘आदिनाथ मशिनरी’, कारण ते गेलेल्या सासऱ्यांचं नाव, आणि तेही जुन्या जागेवर. आणि माझ्यावर दिलदार भाऊ.

“ओ, फोनला वाटायलंय ही तीन माणसं हायेत,” राजेश्री म्हणाली. “आन तिघातलं एक बी पंप दुरुस्त करीत न्हाई!”

संध्याकाळी घरात बैठक बसली. देवीचं नाव काढायचं म्हणजे कडूबाई घर डोक्यावर घेणार, या भीतीनं महारुद्र जमिनीकडं बघत बसला होता. कडूबाईंनी सुनेचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “देवी माज्या घरात हाय. तिला पाटी लागत न्हाई, गिऱ्हाइकाला लागती. बदला.”

तिन्ही ठिकाणी एकच नाव झालं, ‘महारुद्र फवारणी पंप दुरुस्ती, जिंतूर’. खाली फोन नंबर आणि ‘भाजी मंडईच्या मागची गल्ली’. माझ्या अंगावरचे वाढदिवस उतरले. एक दादा चार दिवस रुसले, पाचव्या दिवशी पंप घेऊन आले.

राजेश्री आता मला लिहायला लागली, तेही गिऱ्हाईक बोलतं तसं. ‘पंपाला प्रेशर येईना?’ ‘बॅटरी चार्ज होती पण मोटर फिरेना?’ व्हिडिओ काढायच्या दिवशी महारुद्र तेल लावून, भांग पाडून, गॉगल घालून हजर! राजेश्री म्हणाली, “तोंड नको, हात दाखवा.” मग त्या काळ्या पडलेल्या हातांनी तुंबलेलं नोझल कसं साफ करायचं ते दाखवलं. आबासाहेबांना नकाशावर दुकानाबद्दल अभिप्राय द्यायला सांगितलं, तर त्यांनी दिला, ‘माणूस चांगला. पण लय लपून बसतो.’

हे सगळं करूनही दोन आठवडे तुरळक एखादं गिऱ्हाईक. पोळा तीन दिवसांवर आला. चाकणहून पुन्हा फोन आला आणि महारुद्रनं माळ्यावरची बॅग खाली काढली.

त्याच दिवशी दुपारी एक अनोळखी बाई दुकानासमोर थांबल्या. बोरीच्या सुलाबाई. त्यांनी फोन पुढं धरला. पडद्यावर मी होतो.

“ह्यातले हात तुमचेच का हो भाऊ?”

महारुद्रनं स्वतःचे हात पाहिले. “माझेच की,” तो म्हणाला. सगळा तालुका ओळखतो म्हणणाऱ्या माणसाला आज पहिल्यांदा कुणीतरी अनोळखी शोधत आलं होतं.

“मग ह्यो पंप धरा. आन टेम्पोत आणखी नऊ हायेत, आमच्या बचत गटाचे.”

बॅग पुन्हा माळ्यावर गेली. पोळ्याच्या दिवशी राजेश्रीनं भावाला काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण त्यानंतर चाकणहून फोन आला तो फक्त सणाच्या शुभेच्छांचा.

आता माझं बरं चाललंय. अंगठे पूर्वीपेक्षा कमी पडतात, पण प्रश्न खूप येतात. तुमच्याही दुकानाचं असं एखादं पेज असेल, शुभेच्छांच्या ढिगाऱ्याखाली गुदमरलेलं. त्याला एवढंच सांगा, तुम्ही काय करता आणि कुठं बसता. बाकीचं ते बघून घेईल.

बरं, निघतो. ताडकळसहून कुणीतरी विचारलंय, ‘दुकान चालू हाय का?’ राजेश्री उत्तर लिहायलीय.

‘हाय. आन राहणार हाय.’