उभ्याने घेतलेलं माप

मेट्रनबाईंना तीन मुलं होती आणि तिन्ही हुशार निघाली, हे त्यांचं दुर्दैव. एखादं तरी ढ निघालं असतं, तर आई बाथरूममध्ये पडली हे कळल्यावर ते धावत आलं असतं, "लागलं का गं?" म्हणालं असतं आणि जवळ बसून राहिलं असतं. या तिघांनी मीटिंग घेतली.

मीटिंग मेट्रनबाईंच्याच बैठकीच्या खोलीत झाली. कपाळावर टेंगूळ घेऊन त्या कोचावर बसल्या होत्या आणि त्यांच्याविषयीची चर्चा त्यांच्या डोक्यावरून चालली होती. थोरला अकाउंटंट. त्याचं म्हणणं सरळ होतं: आईने हे तिसऱ्या मजल्यावरचं, लिफ्ट नसलेलं घर बंद करावं आणि त्याच्याकडे राहायला यावं. त्याच्या घरी एक खोली रिकामी होती. रिकामी म्हणजे तिथे व्यायामाची सायकल होती, आणि तिच्यावर कपडे वाळत असायचे.

"मी त्या सायकलशेजारी मरणार नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. "फरशी ओली होती, पाय घसरला. तुम्ही कधी घसरला नाहीत?"

मोठ्या रुग्णालयाची मेट्रन म्हणून त्यांनी उभी हयात हुकूम सोडण्यात घालवली होती. त्यांच्या चपलांचा आवाज आला की वॉर्डातल्या नर्सेस टोप्या सरळ करायच्या आणि डॉक्टरसुद्धा सिगारेट विझवायचे. अशा बाईने सुनेच्या घरी जाऊन 'चहा केव्हा होईल' असं विचारायचं? छे. हे घर त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतलं होतं, नवरा गेल्यावर एकटीने सांभाळलं होतं, आणि इथून निघायचं तर आडवंच निघायचं, हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

मधला मुलगा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा. कुणी "आज उकडतंय" म्हटलं तरी तो "कशाच्या तुलनेत?" असं विचारायचा, त्यामुळे लोक त्याच्याशी हवापाण्याबद्दलही बोलत नसत. तो म्हणाला, "एका पडण्यावरून निष्कर्ष काढायला नको. आपण तीन महिने आईचं निरीक्षण करू. आकडे चांगले आले तर आई इथे राहील. वाईट आले तर दादाकडे."

"आणि ते सगळं माझा प्रोग्रॅम करेल," धाकटी म्हणाली. तिने संध्याकाळच्या क्लासला जाऊन प्रोग्रॅमिंग शिकून घेतलं होतं, आणि हातात हातोडी आलेल्या माणसाला जसा प्रत्येक खिळा वर आलेला दिसतो, तसं तिला घरभर प्रोग्रॅमचं काम दिसायला लागलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे अतिशहाणे तीन आणि बैल एकच, तोही म्हातारा.

मेट्रनबाईंनी अट मान्य केली. मनात म्हणाल्या, आकडे हवेत काय? देते आकडे.

झालं, घरात यंत्र आलं. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, रक्तदाब आपोआप धाकटीच्या प्रोग्रॅममध्ये. सगळं ठीक असेल तर तिघांच्या फोनवर हिरवा ठिपका, नसेल तर लाल. मधला त्या आकड्यांची सरासरी काढायचा. थोरल्याला स्वस्थ बसवेना, म्हणून त्याने पाण्याचा ताळेबंद मांडला. आईने दिवसभरात पाणी किती घेतलं, शरीरातून किती गेलं; आणि दोन्ही बाजू जुळल्या नाहीत की फरकाची रक्कम तो बिनदिक्कत 'घाम' या खात्यात टाकायचा. त्या थंडीच्या दिवसांत मेट्रनबाईंना त्याच्या हिशेबाने बादलीभर घाम येत होता.

पहिल्याच आठवड्यात गंमत झाली. जिन्यात कचरा टाकणाऱ्या शेजाऱ्याला मेट्रनबाईंनी सणसणीत झापलं आणि त्याच तावात येऊन पट्टा बांधला. लाल ठिपका! तासाभरात तिघंही ऑफिसच्या कपड्यांत धापा टाकत दारात. मेट्रनबाई मटार सोलत होत्या. त्यांनी तिघांची अशी काही बिनपाण्याने केली की थोरल्याला घाम या खात्याचा खरा अर्थ कळला.

"हे यंत्र आहे की चहाडखोर पोर?" त्या म्हणाल्या. "मी जरा आवाज चढवला की तुम्ही तिघं माझ्या दारात? ते बंद करा. आणि मला विचारल्याशिवाय कुणी यायचं नाही."

मग मधल्याने तोडगा काढला. आईच्या नेहमीच्या आकड्यांपासून फार लांब गेलेला आकडा हा मोजण्यातली चूक समजायचा, तो हिशेबात धरायचाच नाही आणि आईला पुन्हा मोजायला सांगायचं. धाकटीने त्याच बैठकीत तसा नियम प्रोग्रॅममध्ये लिहून टाकला. मेट्रनबाईंना तो फार आवडला. आपल्या धाकापुढे यंत्रसुद्धा वाकलं असं त्यांना वाटलं.

त्यानंतर त्यांनी आकडे द्यायला सुरुवात केली, आणि कसे दिले! रोज सकाळी खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, हात टेबलावर ठेवून, न बोलता पाच मिनिटं बसायच्या आणि मग बटण दाबायच्या. नर्सिंगच्या पुस्तकात छापावं असं माप. हिरवा ठिपका. दुसऱ्या दिवशी हिरवा. तिसऱ्या दिवशी हिरवा. मधल्याने तर आईचा आलेख वर्गात मुलांना दाखवला म्हणे. थोरल्याच्या बायकोने सायकलवरचे कपडे काढले होते, ते पुन्हा वाळत घातले.

आणि तिघांचं येणं कमी झालं. आईनेच तर 'येऊ नका' म्हणून सांगितलं होतं. शिवाय ठिपका हिरवा. आधी रविवारी यायचे, मग एकाआड एक रविवारी, मग 'बघू पुढच्या वेळी'. फोन मात्र असायचा. "आई, हिरवी आहेस हां," धाकटी म्हणायची, आणि ठेवून द्यायची. मेट्रनबाई म्हणायच्या, बरं झालं, कटकट गेली. मग टेबलावरची दुसरी कपबशी पुसून जागेवर ठेवायच्या.

आता जे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगायला हवं. फरशी ओली नव्हती. त्या दिवशी मेट्रनबाई उठून उभ्या राहिल्या, डोळ्यांपुढे अंधार आला आणि त्या कोसळल्या. हे का होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. रक्तदाबाची गोळी त्या रोज घेत होत्या, आणि ती गोळी जड झाली की माणूस बसलेला असताना ठणठणीत असतो आणि उभा राहिला की दाब खाली घसरतो. म्हणून तर त्यांच्या वॉर्डात कडक नियम होता: पडलेल्या पेशंटचा दाब दोनदा घ्यायचा, एकदा झोपवून आणि एकदा उभं करून. उभ्याने घ्यायला विसरलेल्या एका नर्सला त्यांनी सगळ्यांसमोर रडवलं होतं. आणि लक्षणं लपवणाऱ्या पेशंटवर तर त्यांचा विशेष राग. "खोटंच बोलायचं असेल तर घरी जाऊन बोला, इथली खाट अडवू नका," असं त्या म्हणायच्या. आता त्या घरीच होत्या आणि खोटं बोलत होत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

चक्कर वाढत चालली. ओट्याला धरून उभं राहायचं, मग भिंतीला धरून चालायचं. तीन जिने उतरून डॉक्टरकडे जायची छाती होईना, आणि फोन करावा तर डॉक्टर आधी थोरल्याला कळवणार, म्हणजे सायकल ठरलेली. एका सकाळी कपाटाचं दार घट्ट धरूनही गुडघे वाकले, तेव्हा मात्र मेट्रनबाई घाबरल्या. स्पष्टच सांगायचं तर फार घाबरल्या. सायकलपेक्षाही जास्त.

त्यांनी पट्टा बांधला, उभं राहूनच बटण दाबलं. आकडा आला तो पाहून कुठल्याही नर्सने खाट ओढली असती. त्यांच्या फोनवर प्रोग्रॅमने मात्र नम्रपणे लिहिलं: 'हे माप आपल्या नेहमीच्या मापांशी जुळत नाही. कृपया पाच मिनिटं शांत बसा आणि पुन्हा मोजा.'

त्या बसल्या. बसणं भागच होतं. पुन्हा मोजलं. हिरवा ठिपका.

मेट्रनबाईंनी तिघांना एकत्र फोन लावला. अभिमान गिळायची सवय नव्हती, घशात अडकत होता, तरी गिळला. "मला चक्कर येते रे," त्या म्हणाल्या. "उभं राहिलं की येते."

"पण आई, आजचा ठिपका हिरवा आहे," धाकटी म्हणाली.

"काल पाणी कमी प्यायलीस का?" थोरल्याने विचारलं. "ताळेबंदात तर जुळलंय."

"आई, तुझे तीन महिन्यांचे आकडे इतके सुंदर आहेत," मधला समजुतीच्या सुरात म्हणाला, "की एखाददुसऱ्या वेळेवरून काही ठरवता येत नाही. तुला एकटं वाटतंय का? तसं असेल तर तसं सांग."

मेट्रनबाईंचं पित्त खवळलं. "तुझे बाबा एकदाच गेले," त्या म्हणाल्या. "त्यांची सरासरी काढलीस का रे?"

मग तिघंही एकदम, अतिशय प्रेमाने, त्यांना आराम करायला सांगू लागले. मेट्रनबाईंनी फोन आपटला. गाढवं! पण गाढवांना हिरवा चारा रोज घातला कुणी? हे त्यांच्या लक्षात आलं आणि राग दुप्पट झाला, कारण आता तो काढायला समोर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पट्टा बांधलाच नाही. प्रोग्रॅमची आठवण वाजली, वाजू दिली. धाकटीचा फोन आला, घेतला नाही. मधल्याचा आला, घेतला नाही. चांगला आकडा आला तर हिरवं, वाईट आला तर चूक. पण आकडाच आला नाही तर काय करायचं, हे त्या तिघा विद्वानांनी ठरवलंच नव्हतं. तेव्हा नाइलाजाने त्यांना माणसासारखं वागावं लागलं. दुपारच्या आत थोरल्याची किल्ली कुलपात फिरली आणि तिघं एकमेकांना ढकलत आत आले.

मेट्रनबाई पलंगावर आडव्या होत्या. धाकटीने हंबरडा फोडला.

"जिवंत आहे मी," मेट्रनबाई म्हणाल्या. "रडणं नंतर. आधी हात धुऊन या सगळे. थोरल्या, इकडे बस आणि माझी नाडी बघ."

थोरल्याने आईचं मनगट धरलं. मेट्रनचा मुलगा, पण नाडी कुठे असते ते शोधायला त्याला घराचा पत्ता शोधावा तशी शोधाशोध करावी लागली. "लागली," तो शेवटी म्हणाला.

"अंगठा काढ, गाढवा! अंगठ्याने धरलं की स्वतःचीच नाडी लागते. दोन बोटं ठेव. हं. आता मी उभी राहते. बोटं सोडायची नाहीत."

त्या उठल्या. थोरल्याच्या बोटांखालचे ठोके आधी धावत सुटले, मग बारीक झाले, मग त्याला सापडेनासे झाले, आणि आईचं सगळं वजन त्याच्या खांद्यावर आलं. मधल्याने पट्टा बांधून बटण दाबलं. आकडा बघून त्याने तो मोठ्याने वाचलाही नाही. तेवढ्यात उशाशी ठेवलेला आईचा फोन वाजला आणि त्यावर प्रोग्रॅमने सर्वांना कळवलं की कृपया पाच मिनिटं शांत बसा आणि पुन्हा मोजा.

कुणी हसलं नाही. धाकटीने फोन बंद करून टाकला.

"बाथरूमची फरशी कोरडी होती," पुन्हा आडव्या झाल्यावर मेट्रनबाई छताकडे बघत म्हणाल्या. "मी खोटं बोलले. मला इथून जायचं नव्हतं. आता गोळी किती कमी करायची ते डॉक्टरला विचारा, आणि मला न्यायचं तिथे न्या."

मधल्याने डॉक्टरला फोन लावला. डॉक्टरने आजची गोळी बंद ठेवायला सांगितली, लगेच घेऊन या म्हणाला, आणि वर विचारलं की इतके दिवस उभं करून एकदाही मोजलं नाही का. संख्याशास्त्राचा प्राध्यापक "नाही" एवढंच म्हणाला. त्याने सरासरीचा उल्लेख केला नाही. धाकटी आईच्या चपला शोधायला गेली आणि चपला समोर असूनही बराच वेळ आली नाही.

थोरला पलंगाच्या कडेवर बसून होता. "गोळी कमी केल्यावर चक्कर गेली, तर तू इथेच राहा," तो खाली मान घालून म्हणाला. "मी रोज ऑफिसला जाताना येईन. झोपवून आणि उभं करून, दोन्ही बघेन."

"उपकार नकोत."

"उपकार नाहीत गं. शिकव मला."

मेट्रनबाईंनी मनगट पुढे केलं. त्याने दोन बोटं ठेवली, घड्याळाकडे बघितलं, ओठ हलवत मोजलं आणि आकडा सांगितला. आयुष्यभर नाड्या मोजलेल्या बाईला घड्याळ लागत नाही. आकडा बरोबर होता.

"चुकलं," त्या म्हणाल्या. "पुन्हा मोज."