मुक्या गणपतचं गाऱ्हाणं

"नर्मदे, ह्या कोणाक सांगा नको हां."

हा आवाज नर्मदाआजीने ऐकला तेव्हा ती आठ वर्षांची होती. माडाच्या मुळाशी बाप बसला होता, समोर मिठबावचा दर्या. बाप म्हणाला, "मुंबयक मी राजा होतंय गो. पडद्यावरचो. न बोलता होतंय तोवर राजा. तोंड उघडलंय आणि सगळे हसले."

गणपत लोके. तरणेपणी दशावतारात राजा व्हायचा. रात्री मुकुट, सकाळी डोक्यावर सोंगांचा पेटारा. मग आगबोटीने मुंबईला गेला, गिरणीत लागला, आणि तिथून कुणीतरी त्याची छाती नि नजर बघून त्याला मुक्या चित्रपटात नेलं. मास्टर सुंदर असं नवं नाव ठेवलं. घोड्यावरून उड्या मारल्या, समुद्रात तलवारी फिरवल्या, भिंतीभिंतींवर त्याचा चेहरा डकवला गेला. पाचसहा वर्षं. मग बोलपट आले. आवाजाच्या परीक्षेला उभं करून दोन वाक्यं म्हणायला लावली, आणि त्याच्या बोलण्यातला मालवणी हेल ऐकून कंपनीतले लोक पोट धरून हसले. तो त्याच आठवड्यात गावी आला. आला तो गप्पच. चारचौघांत मान हलवायचा, बस्स. गाव त्याला मुको गणपत म्हणू लागला. मुंबईत तो काय होता हे गावाला कधी कळलंच नाही.

नर्मदेने बापाला दिलेला शब्द पाळला. बाप गेला, तिचं लग्न झालं, गावातल्या गावातच, पोरं झाली, नातवंडं झाली. सांगितलं ते फक्त जात्याला. नाचणी दळताना ती हळूच म्हणायची,

दर्यापल्याड गे दिवो लागलो
बापूस माझो मुकुट ल्यालो

तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेल्या नातवाने, दत्तप्रसादने, ती ओवी लहानपणी ऐकली होती. म्हणूनच, पुण्याची संचिता जुन्या फिल्मा शोधत देवगड तालुक्यात फिरू लागली, तेव्हा तो तिला घरी घेऊन आला.

संचिताने समजावून सांगितलं, "आजी, एका मुक्या फिल्मचा एकच तुकडा वाचलाय. त्यात नाव नाही, कंपनी नाही. नट कोकणातला होता एवढंच ऐकलंय. ओळखणारं कुणी भेटलं नाही, तर 'अनोळखी नट' म्हणून त्याची नोंद होईल. कायमची."

"माका ठावक नाय," आजी म्हणाली, आणि हातातली कोकमं निवडत राहिली.

"आजी, ती ओवी मगे कोणाची गो?" दत्तप्रसादने विचारलं.

"ओवी काय, जात्याची."

तरी संचिताने दिवेलागणीला देवळाच्या सभामंडपात पडदा म्हणून पांढरं धोतर बांधून तो तुकडा दाखवायचं ठरवलं. हा नट आपला पणजोबा असावा, हा संशय दत्तप्रसादने बोलून दाखवला होताच; गाव जमला. म्हातारा बाबू तांडेल पहिल्या रांगेत बसला, आयुष्यभर होडी हाकत आलेला आणि जिभेने त्याहून जोरात वल्हवणारा. "मुको गणपत आणि हिरो? मगे मी इंद्र!"

"इंद्राक आधी दात बसवन घी!" मागून शेजारची किशोरी ओरडली. हशा पिकला.

तो हशा आजीने ऐकला. हेच. हेच नको होतं बापाला. ती खांबाच्या आड सरकून बसली.

धोतर उजळलं.

आणि तो आला. तिच्या नातवाहून तरणा. मुकुट, कानात भिकबाळी, छातीवर माळा. पडद्यावर पावसासारख्या रेघा पडत होत्या, आणि त्या पावसात तो कोरडा, झळझळीत उभा. आजीने पदर तोंडाशी धरला. आपला बाप इतका देखणा होता? देवाने मूर्ती घडवता घडवता हात थांबवावा आणि म्हणावं, पुरे, आता आणखी काही नको, तसा.

राजा लढाईला निघण्याआधी देवळात येतो. हात जोडतो. ओठ हलू लागतात.

संचिता हळूच म्हणाली, "इथे काहीतरी श्लोक म्हणत असावा. दिग्दर्शक म्हणायचे, काहीही बोला, ओठ हलले म्हणजे झालं."

पण तो श्लोक नव्हता. ओठ हलायचे, मान थोडी झुकायची, आणि तो थांबायचा. वाट बघायचा. पुन्हा ओठ हलायचे, पुन्हा थांबायचा. त्याच्या मागे उभे असलेले पडद्यावरचे सैनिक ठोंब्यासारखे बघत होते, त्यांना काय कळणार? ते गावचे नव्हतेच.

तिसऱ्यांदा तो थांबला, तेव्हा बाबू तांडेलाचे हात आपोआप जोडले गेले आणि जन्मभराच्या सवयीने तोंडातून निघालं,

"व्हय म्हाराजा!"

सगळे त्याच्याकडे वळले. मग पडद्यावर ओठ पुन्हा हलले, पुन्हा थांबले, आणि या खेपेला अख्खा मंडप बोलला. "व्हय म्हाराजा!" बायका बोलल्या, पोरं बोलली. किशोरी उठून उभी राहिली. जत्रेला, लग्नाला, होडी पाण्यात लोटताना देवासमोर घालतात तेच गाऱ्हाणं, एकाने मागायचं आणि सगळ्यांनी होकार भरायचा, तेच थांबणं. मुंबईच्या रंगवलेल्या देवळात, कुणाला कळणार नाही अशा बेताने त्याने ते घातलं होतं, आणि साथीला कुणी नसताना दर वेळी जागा सोडली होती. शंभर वर्षं होत आली, ती जागा तशीच रिकामी होती.

"व्हय म्हाराजा!" मंडप घुमत होता. कुणी हसत नव्हतं. बाबूच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

तुकडा संपला. धोतर नुसतं पांढरं राहिलं. कुणी उठेना.

आजी खांबाला धरून उभी राहिली. दत्तप्रसाद पुढे धावला, तिने त्याला हातानेच थांबवलं. संचिताजवळ येऊन ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी,

"पोरी, लिव. गणपत लोके, मिठबावचो. माझो बापूस. आणि ह्यापण लिव. तो मुको नव्हतो गो. रोज सांजेक माझ्यावांगडा बोलायचो."