काळं रान

सुप्याच्या माळावर जाळरेषा जाळायचं काम म्हस्कू दहा वर्षं करत होता. बंद कुरणाला वणवा लागलाच तर तो पुढं सरकू नये, म्हणून कडेच्या पट्ट्यातलं गवत आपणच आधी जाळून टाकायचं, एवढं साधं ते काम. पण अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत एका दुपारी वारा फिरला आणि पट्ट्यातली आग कुरणात शिरली. तीन साल न चरलेलं गवत कमरेएवढं वाळून उभं होतं.

वनपाल सर्जेराव म्हणाले, आता एकच उपाय. पलीकडच्या गाडीवाटेवरून समोरासमोर दुसरी आग लावायची. दोन्ही भेटल्या की जळायला काही उरत नाही, मागचं रान आणि चिंकारांची पाडसं वाचतात. वाटेवर पोचताच त्यांनी म्हस्कूच्या हातात काडेपेटी दिली.

त्या दोन आगींच्या मधे म्हस्कूची बायको होती. बंद कुरणात चराई गुन्हा, आणि राखणदार तो स्वतः. पण घरी अकरा शेळ्या उपाशी. सकाळी त्यानंच आक्काबाईला सांगितलं होतं, आज साहेब जाळरेषेवर अडकलेत, ओढ्याच्या चढावर खुशाल चार. कुंपणानंच शेत खाल्लं होतं. आता तोंड उघडावं तर नोकरी जाते, न उघडावं तर बायको. आणि एवढं कळूनही हा शहाणा काडेपेटी चाचपत उभाच राहिला.

"काय बघतोस? लाव," सर्जेराव म्हणाले.

"साहेब, माझी बायकू आत हाय. म्याच धाडलीया, शेरडं घिऊन."

सर्जेरावांनी काडेपेटी काढून घेऊन खिशात टाकली आणि उद्यापासून येऊ नकोस एवढंच सांगितलं. तेवढ्यात चढावरून धुराचा नवा लोट उठला. आग तिथवर पोचली, सगळं संपलं, असं म्हस्कूला वाटलं.

पण ती आग आक्काबाईनंच लावली होती. वाऱ्यानं ती वाटेपर्यंत पळत आली, तिथं माणसांनी ओल्या फांद्यांनी झोडपून विझवली. मागून आलेला वणवा जळल्या रानाशी अडून थंडावला. म्हस्कू तिला हाका मारत राख तुडवत धावला. काळ्या रानाच्या मधोमध आक्काबाई तोंडाला पदर लावून उभी होती, भोवती अकराही शेळ्या. मेंढरं होती तेव्हा तिचा बाप असाच तर वाचायचा, आधी रान जाळून त्या राखेवर उभा राहून.

म्हस्कूला रडू फुटलं. तिनं ते पाहिलं, पण जवळ गेली नाही.

"हितनं वाट दिसती," ती म्हणाली. "धूर यायच्या आदी तुमी तितं उभं हुता. हाक मारायला येवढा येळ का लागला?"