किरकिऱ्या मामा

मित्रांनो, मी एक जुना कंपायलर आहे आणि स्वभावाने किरकिरा आहे, हे आधीच सांगून टाकतो. माणसाने लिहिलेला प्रोग्राम चालू होण्याआधी मी तो ओळ न् ओळ वाचतो. माझ्या भाषेत प्रत्येक गोष्टीचा प्रकार ठरलेला असतो. वजन ते वजन, वय ते वय. वजनाच्या जागी कुणी वय घातलं, की मी अडून बसतो; मग समोर कुणीही असो.

काही शिक्षकांनी मला घडवलं, लाडाने वाढवलं. बाहेर मात्र मला कुणी विचारेना. ‘फार अवघड आहे बुवा,’ म्हणत लोक पुढे जात. शेवटी एका इस्पितळाच्या संगणक विभागात अण्णांनी मला जागा दिली. औषधाची मात्रा ठरवणारा प्रोग्राम त्यांनी माझ्या भाषेत लिहिला. तो वर्षानुवर्षं बिनचूक चालला, आणि बिनचूक चालणाऱ्याची आठवण कुणाला राहते?

मग एक ताई कामाला आली. हात इतका चपळ, की सगळे तिला ‘एक्सप्रेस’ म्हणत. आधीच्या भाषांत तिला कुणी अडवलं नव्हतं, त्यामुळे माझ्याशी तिचं पहिल्याच दिवशी वाजलं.

“अण्णा, हा कंपायलर प्रोग्राम तपासतो की माझा जीव खातो?”

“खाऊ दे थोडा,” अण्णा चहा ढवळत म्हणाले. “पेशंटचा वाचतो ना.”

ताई माझी भाषा शिकली, आणि माझं तोंड बंद करायलाही शिकली. रुग्णांचे प्रकार होते मोठी माणसं, मुलं आणि बाळं. कुठल्याही औषधात एखाद्या प्रकाराची मात्रा लिहायची राहिली, की मी ओरडत असे. तिने कंटाळून सगळीकडे बाळांच्या जागी लिहिलं, ‘बाकी सगळे: बाळाची मात्रा’. झालं. त्या ओळीत कुणीही बसत होतं, मग मी बोलणार काय?

पुढे तिच्याच बहिणीला वेळेआधी मुलगी झाली, तीही याच इस्पितळात. मूठभर जीव. डॉक्टर म्हणाले, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा नवा प्रकार हवा, त्यांना औषध फार थोडं लागतं. पहिली मात्रा त्याच दिवशी द्यायची होती.

ताईने प्रकार जोडला आणि प्रोग्राम माझ्यापुढे ठेवला. नवा प्रकारही ‘बाकी सगळे’मध्ये बसला, म्हणजे या मूठभर जिवाला पूर्ण दिवसांच्या बाळाची मात्रा जाणार होती. ती ओळ मला खुपत होती, पण नियमात चूक कुठेच नव्हती. मी मुकाट्याने होकार दिला. माझा जीव मात्र टांगणीला लागला.

ताईचा हात प्रोग्राम चालू करायच्या बटणावर गेला आणि तिथेच थांबला.

“अण्णा, नवा प्रकार जोडला तरी हा काहीच बोलला नाही. असं होतं का?”

अण्णांनी कप खाली ठेवला. “नाही होत. कुठे ‘बाकी सगळे’ लिहिलंयस का?”

“हो, सगळीकडे!” ताई म्हणाली. तिने ती ओळ सगळीकडून खोडली, आणि मी पोटभर ओरडलो. या बाळाची मात्रा कुठे आहे? इथे नाही. तिथेही नाही. तिने डॉक्टरांना विचारून एकेक जागा भरली. शेवटी मी गप्प झालो, तेव्हा ती खुर्चीत मागे रेलली. मलाही हायसं वाटलं.

बाळाने बाळसं धरलं. घरी जाताना ताईने तिला माझ्या पडद्यापुढे धरलं. “बघ गं, हा तुझा किरकिऱ्या मामा.” इतकं कौतुक माझं आजवर कुणी केलं नव्हतं.

मित्रांनो, पुढे तुम्हीही प्रोग्राम लिहाल आणि ‘बाकी सगळे’ लिहायला तुमचा हात शिवशिवेल. तेव्हा थोडं थांबा आणि प्रत्येकाचं नाव घेऊन लिहा. त्या बाकीच्यांत कुणाची तरी भाची असते.